काळ्या डब्यातले हात

धप्प.

लाकडी टेबलावर उघड्या तळहाताची एक थाप. फार वर्षं झाली त्याला, पण मी नीट ऐकलेला पहिला आवाज तोच. त्याआधी मी पुठ्ठ्याच्या खोक्यात होतो, आणि खोक्यात सगळंच उशीखालून ऐकल्यासारखं येतं. त्या थापेनं मी टेबलावर जागच्या जागी उडालो. वाटलं, आल्या आल्या काहीतरी चुकलं आपलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज आला, "आले, आले. दम धर जरा." आणि मग ती स्वतःशीच हसली, कारण ज्यानं थाप मारली होती त्याला ते ऐकू जाणार नव्हतं.

मी बोलतोय तो एक डबा. दुकानाच्या पावतीवर माझं नाव हार्ड डिस्क असं आहे, पण या घरात मला पहिल्या दिवसापासून डबा म्हणतात आणि आता मीही स्वतःला डबाच समजतो. काळा, तळहाताएवढा. एका कडेला वायर खोचायची फट आणि तिच्याशेजारी बारीक निळा दिवा. तो दिवा म्हणजे माझा डोळा. वायर लावली की मला दिसतं. काढली की अंधार, मग नुसतं ऐकू येतं. मी काही शिकलेला नाही. दिलेलं धरून ठेवायचं आणि मागितलं की परत द्यायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे सांगताना हळू सांगेन. सांभाळून घ्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या बसवल्या, झाकण लावलं, स्क्रू आवळले. ते झाकण पुन्हा कधी उघडलं गेलं नाही. आमच्यात झाकण उघडणं म्हणजे मरणच. तेव्हा कोंडून असण्याची तक्रार मी करत नाही. आम्ही कोंडलेलेच जन्मतो. तक्रार आहे ती दुसरीच.

दुकानात मला घ्यायला ताई आल्या, बरोबर त्यांचे जावई होते, आणि ताईंची लेक दुसऱ्या गावाहून फोनवर होती. ताईंच्या घरचा कॉम्प्युटर एकदा अचानक बसला होता आणि त्याच्याबरोबर त्यांचं कित्येक महिन्यांचं काम बुडालं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची तर ते दुसरीकडेही राहायला हवं, एवढं सगळ्यांना पटलं होतं. कुठे राहावं यावर भांडण होतं.

"आई, इंटरनेटवर ठेव ना," लेक फोनमधून म्हणाली. "घर जळालं तरी तिथं राहतं."

"घर कशाला जाळतेस? आणि तिथं म्हणजे कुठे? कुणाच्या घरी?"

"कुणाच्या घरी नाही गं. मोठमोठ्या खोल्या असतात त्यांच्या."

"मग परक्याच्याच खोल्या ना. माझ्या भावाचे हात मी परक्याच्या खोलीत नाही ठेवायची."

दुकानदारानं पेन ड्राइव्ह पुढे केला. "काकू, हा बघा. एवढासा, कुठेही मावतो."

"कुठेही मावतो म्हणूनच नको. मला नाकावरचा चष्मा सापडत नाही."

"मग सीडी घ्या."

"सीडीवर आमच्याकडे चहाचा कप ठेवतात."

जावई इतका वेळ नुसते ऐकत होते. त्यांनी मला फळीवरून उचललं. "आई, हे बघा. हा घरातच राहील, तुमच्या टेबलावर. मी असं लावून देतो की तुम्हाला हातही लावायला नको. कॉम्प्युटरमध्ये जे असेल ते रोज संध्याकाळी आपोआप यात. जसंच्या तसं. आरसा समजा."

"आरसा," ताई म्हणाल्या. "हे मला कळतं. डबा दिसायला बरा आहे."

दुकानदार म्हणाला, जमलं तर दोन घ्या, एक लेकीकडे ठेवा. पण ते त्याला दोन खपवायचे आहेत म्हणून म्हणतोय असं सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तसंच वाटत असावं, कारण त्यानं फार ओढून धरलं नाही. आरसा समोरचं सगळं दाखवतो. पण समोरचा माणूस उठून गेला की आरसा त्याच्यातलं काहीच धरून ठेवत नाही. हे त्या दुकानात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

त्या घरात दोघंच राहत. ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ. लेक आणि जावई त्याला मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणतो. मामा जन्मापासून बहिरा. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही आलं नाही. लहानपणी त्याला कुठल्या शाळेत घातलं नाही, तेव्हा बहिऱ्यांची जी शिकवलेली भाषा असते ती त्याला येत नव्हती. त्याची आणि त्याच्या आईची एक घरची भाषा होती, हातांची, त्यांनी दोघांनीच चूल आणि अंगण यांच्यामध्ये कुठेतरी बनवलेली. आई गेल्यावर ती भाषा जाणणारं माणूस जगात एकच उरलं, ताई. त्यांचे यजमान वारले होते, लेकीचं लग्न झालं होतं. त्या आपलं बिऱ्हाड आवरून भावाकडे आल्या. लेक लांब वाढलेली, तिला मामाचे जेव, झोप, ये, जा एवढेच हात कळत.

ताई आयुष्यभर रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसून बोलत आल्या होत्या. अमुक वॉर्ड कुठे, तमुक डॉक्टर किती वाजता. बोलण्याची त्यांना इतकी सवय की मामाशी हातांनी बोलतानाही तोंड चालूच. मामा फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारखान्यात होता. खुर्च्यांचे पाय, टेबलांच्या कडा. बोट फिरवून त्याला कळे की कुठे अजून खरखर आहे.

ताईंना एकच घोर होता. मी गेले तर याला समजून कोण घेणार? याला तहान लागली, याला भीती वाटली, याला नको आहे, हे कुणाला कळणार? म्हणून त्यांनी ठरवलं की त्याचा एकेक हात कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यात धरून ठेवायचा, आणि त्याचा अर्थ आपण तोंडानं सांगायचा. ते सगळं माझ्यात येणार होतं.

आणि आलं. काय काय आलं म्हणून सांगू. काल म्हणजे खांद्यावरून मागे टाकलेला पंजा. उद्या म्हणजे कपाळावरून पुढे. ताई म्हणजे कानाची पाळी चिमटीत. कारखान्याचे मालक म्हणजे दोन्ही हातांनी सावरलेलं पोट. शेजारीण म्हणजे दाराच्या फटीतून डोकावणारा एक डोळा. प्रत्येक हात पाच-सहा वेळा करून घ्यायचा आणि त्यातला चांगला ठेवायचा. निवड मामा करायचा. तो पडला पॉलिशवाला. बोट जरा वाकडं दिसलं तरी मान हलवायचा. मग ताईंनी त्याला शिकवलं की नको असलेलं उचलून कचऱ्याच्या टोपलीत कसं टाकायचं. ते त्याला इतकं जमलं की पुढे पुढे ताई स्वयंपाक करत आणि हा टेबलाशी बसून निवडत असे. पटलं की टेबलावर थाप मारून ताईंना बोलवायचा. बघ, हा चांगला आलाय.

एकदा जावई आले तेव्हा पडद्यावर मामा मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मोठी जांभई देत होता.

"हे काय आहे?" जावयांनी विचारलं.

तो जावयांचाच हात होता. ते आले की लगेच घड्याळ बघायचे म्हणून.

"ते ना," ताई म्हणाल्या, "ते हुशार माणूस."

जावयांना ते इतकं आवडलं की त्यांनी मामाकडे बोट दाखवून मनगट बघितलं आणि जांभई दिली. तुम्हीसुद्धा हुशार आहात, असं त्यांना म्हणायचं होतं. मामा टेबलाला धरून हसला. ताई काही तरी करपतंय म्हणून आत पळाल्या. करपत काही नव्हतं.

असे चांगले दिवस होते. रोज संध्याकाळी माझा दिवा लुकलुकायचा आणि दिवसाचे नवे हात माझ्याकडे यायचे. मी भरत होतो. रिकामं असताना काही वाटत नाही, पण भरत गेलं की जपावंसं वाटायला लागतं.

मग एक दिवस एक बाई आल्या, खांद्याला पिशवी अडकवलेल्या. एकट्या पडलेल्या माणसांना सांभाळणारं एक निवासगृह होतं, तिथल्या. चांगल्या होत्या, मऊ बोलायच्या. ताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि पडद्यावर एकेक हात दाखवला.

"असं सगळं तयार असेल तर आम्हाला फार सोपं जाईल," बाई म्हणाल्या. "आमच्या मुली बघून बघून शिकतील."

"घाई नाही हो," ताई म्हणाल्या. "मी आहे तोवर आहेच. नंतरचं बोलतेय मी."

बाई पडद्याकडे बघून करून बघू लागल्या. तहान. नको. थांब. मामा कामावरून आला तो त्याच वेळी. दारात उभा राहिला. आपले हात परक्या बाईच्या अंगावर त्यानं पाहिले. बाई त्याच्याकडे बघून हसल्या आणि त्यांनी त्याला ये म्हणून हात केला, त्याच्या आईचाच हात. मामा आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. ताई डोळे तपासायला बाहेर गेल्या होत्या. तो टेबलाशी बसला आणि त्यानं एकेक चित्रफीत उघडून शेवटपर्यंत पाहिली. मला वाटलं, नेहमीसारखा निवडतोय. मग त्यानं एक टोपलीत टाकली. मग दुसरी. चांगल्यातली चांगलीही. रागानं नाही, काम संपल्यावर आपली बैठक आवरावी तसं. शेवटी टोपलीही रिकामी केली.

संध्याकाळी जावयांनी लावून दिलेली ती आपोआप नक्कल सुरू झाली. तिकडे काय आहे? काही नाही. मग इकडेही काही नको. मला नाही म्हणता येत नाही. कुणी मला विचारलं असतं, की बाबा, तुझं काम जपण्याचं की नक्कल करण्याचं, तर मी उत्तर दिलं असतं. पण विचारत कोण? माझा दिवा लुकलुकत राहिला आणि मी एकेका हातावरचं नाव काढत गेलो.

हो, नाव. मी पुसतो म्हणजे काय करतो ते ऐका. फडताळातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या असतात, ही साखर, हे मीठ. मी फक्त चिठ्ठ्या काढतो. बरण्या आत तशाच भरलेल्या राहतात. पण बाहेरून बघणाऱ्याला फडताळ रिकामं दिसतं, आणि उद्या कुणी नवं सामान आणलं तर तो ते त्याच बरण्यांत ओततो, मग मात्र जुनं खरंच गेलं. तेव्हा त्या संध्याकाळीही मामाचे सगळे हात माझ्या आतच होते. फक्त ते आहेत हे मला कुणाला सांगता येईना.

ताई आल्या, त्यांनी पडदा पाहिला, मला पाहिलं. मग भावाकडे बोट केलं. तू?

त्यानं मान डोलावली.

का?

मामानं खांद्यावर न असलेली पिशवी अडकवली. त्या बाई. मग स्वतःकडे बोट दाखवलं. मग दोन बोटांचे पाय करून ते टेबलावरून चालवत चालवत कडेपर्यंत नेले आणि खाली टाकले. मग तीच दोन बोटं उचलून ताईंच्या हाताशेजारी आणून ठेवली आणि तिथंच दाबून धरली.

"अरे वेड्या," ताई म्हणाल्या, "मी काय जन्माची पुरणार आहे तुला?"

त्यानं डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की त्याच्याशी बोलणं संपलं. ताई बराच वेळ त्याच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर बसून होत्या. मग त्यांनी माझी वायर काढली. टेबलाच्या खणात मला ठेवलं आणि खण लावला.

खणात माझ्याबरोबर एक बिघडलेला थर्मामीटर होता, सुटी बटणं होती, संपलेले सेल होते. माणसं संपलेले सेल फेकत का नाहीत हे मला कळलेलं नाही. जगातली सगळ्यात वाईट कोठडी कुठली विचाराल तर मी सांगेन, जिच्यात तुम्ही भरलेले असता आणि बाहेर सगळे तुम्हाला रिकामं समजतात. खणाबाहेरून दोघांच्या वावरण्याचे आवाज यायचे. ताई पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. बसू, बसू म्हणत होत्या. त्याचा राग निवळला की बसू.

एका सकाळी भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून काहीतरी जड. ताईंचा उजवा हात आणि पाय गेला. जीभ जड झाली. शब्द फुटेना, नुसता घोळ यायचा. ज्या बाईनं जन्मभर खिडकीत बसून हजारोंना उत्तरं दिली तिच्या तोंडून पाणी हा शब्द निघेना. डाव्या हातानं अक्षर उमटेना. पण त्या डाव्या हाताला घरची भाषा येत होती. मामा समोर असला की ताई त्याच्याशी बोलत, आणि मामाला सगळं कळे. खणात मला त्यांचे हात दिसत नव्हते. पण मामा ज्या वेळी जे आणून द्यायचा आणि ताई जसा श्वास सोडायच्या, त्यावरून मला समजायचं.

लेक आणि जावई येऊन राहिले. लेकीला आईचं काही कळत नव्हतं. आई हात हलवायची आणि ही एकेक वस्तू दाखवायची.

"मला नाही कळत गं," एकदा ती म्हणाली. "मामा कामावर गेला की मी आंधळीच." मग जावयांना म्हणाली, "आपल्याकडे न्यायला हवं हिला. व्यायाम करून घेणारे तिथे घराशेजारी आहेत, इथे कोण आहे? पण हिची भाषा कळल्याशिवाय नेऊ कशी? रात्रंदिवस मीच असणार जवळ."

"आणि मामा?"

"त्याचं काम इथे. आपलं घर एका खोलीचं. मी काय करू, सांग."

"ते व्हिडिओ होते ना," जावई म्हणाले. "डबा कुठाय?"

खण उघडला. किती दिवसांनी माझा दिवा लागला. जावई पडद्याकडे बघत राहिले. कॉम्प्युटर रिकामा, मी रिकामा.

"हे असं कसं? दोन्हीकडून?" लेकीनं विचारलं.

जावई घड्याळ बघायचे विसरले होते. "मीच लावून दिलं होतं," ते हळू म्हणाले. "जसंच्या तसं. तिकडचं गेलं की इकडचंही जाणार. मला वाटलं, कोण घालवणार आहे?"

ते मला घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदारानं मला लावून पाहिलं. "यावर नंतर काही भरलंत का?" त्यानं विचारलं. "नाही ना? मग नशीब. आता एक फोटोसुद्धा टाकू नका. आतलं बाहेर निघेल बहुतेक. ते काढणारा माणूस येतो तेव्हा निरोप देतो, मग घेऊन या."

कुणालातरी कळलं होतं.

घरी आल्यावर लेकीनं मामाला समजावलं. तिला हात येत नव्हते, पण तिनं जमेल तसं केलं. मला जोडलं होतं, म्हणून मी पाहिलं. तिनं टोपलीत टाकल्याची खूण केली, मग मान हलवून नाही म्हटलं, मग माझ्यावर बोट ठेवलं. आत आहेत. मामानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं फोनवर आपल्या घराचा फोटो उघडला, आईकडे बोट दाखवलं, फोटोकडे दाखवलं. मामानं स्वतःकडे बोट केलं. मग तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. इथे.

मामाला सगळं कळलं. आत जे आहे ते बाहेर आलं की लेकीला ताई कळणार, आणि लेकीला कळल्या की ताई जाणार. जोवर ते माझ्यात अडकलेलं आहे तोवर बहीण त्याच्याजवळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना त्यानं मला उचललं, पॉलिशच्या फडक्यात गुंडाळलं आणि आपल्या पत्र्याच्या पेटीत घातलं. पेटी पिशवीत, पिशवी खांद्यावर.

खणात निदान बटणं होती. इथे काळोखात काचपेपरचे तुकडे होते, आणि चारही बाजूंनी पत्रा. दिवसभर कारखान्यात लाकूड घासल्याची सरसर, संध्याकाळी घरी, पिशवी दाराशी. घरात माझी शोधाशोध चालू होती. जावई कपाटं हलवत होते. लेक म्हणत होती, "इथेच तर ठेवला होता टेबलावर." मामाला कुणी विचारलं नाही. विचारायचं कसं, हाच तर सगळा घोळ होता. मला त्याचा राग येत नव्हता. मी त्याचे सगळे हात आतून पाहिलेले. त्यात भीतीचाही होता. पण मी पत्र्यात आणि तो माझ्यावर पहारा देत, तेव्हा दोघांतला कोंडलेला कोण, हे मला सांगता आलं नसतं.

मला माणसांना एकच सांगायचंय, मध्येच सांगून घेतो. जपायचं असेल तर अधूनमधून उघडून बघत जा. डब्यात ठेवलं म्हणजे झालं, असं नसतं. आणि ज्याचं जपताय त्यालाही विचारा, की बाबा, हे कशासाठी चाललंय ते तुला ठाऊक आहे ना? ताईंनी सगळी काळजी घेतली, तेवढं विचारायचं राहिलं.

तर एका संध्याकाळी मामा कामावरून आला. पिशवी दाराशी ठेवली तोच लेकीनं त्याच्या हातात औषधाचा कागद दिला असावा, कारण तो तसाच परत बाहेर गेला. जावई अजून यायचे होते. घरात मायलेकी आणि पेटीत मी.

आतल्या खाटेवरून ताईंचा आवाज आला. शब्द नाही, नुसतं कण्हणं.

"काय गं आई? पाणी? हे घे." पेला ठेवल्याचा आवाज. "नको? मग? उशी वर करू?"

कण्हणं वाढलं.

"हात असा पालथा करून खाली काय दाबतेस? खाली? काय खाली? खाली उतरायचंय? बाथरूमला? थांब, मी भांडं आणते. नाही? आई, रडू नको ना. पुन्हा दाखव. पालथा हात, खाली... मला कळत नाही गं. मला नाही कळत."

मला कळत होतं. पालथा पंजा, खाली दाबलेला. तो हात माझ्यात होता. मामा लहान असताना त्याचा चेंडू कपाटाखाली जायचा तेव्हाचा. खाली अडकलंय. ताईंच्या आवाजात त्याचा अर्थही माझ्यात होता, स्वच्छ, "म्हणजे खाली काहीतरी अडकलंय, ते काढ." त्या खोलीत तेव्हा ते सांगू शकणारं कुणी असेल तर तो मी होतो, आणि मी फडक्यात, पत्र्यात, पिशवीत, दाराशी. मी काय करणार. मला हाकही मारता येत नाही. ताई कण्हत होत्या आणि लेक रडत होती आणि त्यांचं उत्तर चार पावलांवर पडून होतं.

दार वाजलं. मामाची पावलं नेहमीच्या चालीनं आत गेली आणि मग एकदम धावली. खाट करकरली.

"अगं बाई," लेक म्हणाली. "हात. हात अंगाखाली गेला होता हिचा. मेला गं, निळा पडलाय. मी एवढा वेळ उशा काय बदलत बसले."

ताईंनी सोडलेला तो लांब श्वास मी ओळखला.

लेकीचं नाक ओढणं ऐकू येत होतं. एकदा ती म्हणाली, "मामा, तुला बघितल्या बघितल्या कळलं," पण ते ती स्वतःलाच म्हणाली. मला वाटतं ताईंनी तेव्हा भावाशी काहीतरी बोलून घेतलं असावं, त्या मोकळ्या हातानं. काय ते मला कधीच कळणार नाही.

पावलं दाराकडे आली. पिशवी उचलली गेली. पेटीची कडी निघाली, फडकं सुटलं, आणि मी त्याच्या हातात आलो. दिवा नव्हता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही. त्याच्या बोटांना पॉलिश लागलेलं होतं, चिकट. फडक्याचं टोक घेऊन त्यानं मला पुसलं. आधी पाठ, मग कडा, मग ती वायरची फट, खुर्चीचा कोपरा पुसावा तशी, नखानं कोरून.

जावई तेवढ्यात आले. "अरे, हा तर..." म्हणाले.

मामा मला घेऊन खाटेपाशी गेला. लेकीचा हात त्यानं धरला, उलगडला, आणि मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिची बोटं एकेक करून माझ्यावर मिटवली. मग तिची मूठ त्यानं थोडा वेळ तशीच दाबून धरली.

"मामा," लेक म्हणाली. "मामा, ऐक ना. आपण बघू काहीतरी. तू पण..."

तिला खूण करायची होती, पण तिच्या हातात मी होतो.

त्यानं हात काढून घेतला. रिकाम्या पिशवीची खांद्यावर सरसर झाली, आणि मामाची पावलं दाराबाहेर गेली.